तारेचा दोष आणि सुराचा गुण

ज्या कारणासाठी एखादे हत्यार घडविले गेले, ते कारण नाहीसे झाल्यावरही हत्यार मागे उरते, आणि पुढच्या पिढीला ते जणू स्वयंभू वाटू लागते, हा मानवी कसबाच्या इतिहासातील नेहमीचा प्रकार आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताचे मिश्रण करणारा आजचा तरुण संगणक उघडतो, तेव्हा इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर या दोन नावांखाली उपकरणांची जी लांबलचक यादी त्याच्यापुढे उभी राहते, तिच्यातील पुष्कळांचा दर्शनी भाग म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लोखंडी पेट्यांचे हुबेहूब चित्र असते. संगणकात व्हॉल्व्ह नाही, ट्रान्स्फॉर्मर नाही, गंजणारा पत्रा नाही, तरी पडद्यावर बेकलाइटच्या मुठी आणि थरथरणाऱ्या सुयांची मापके अगदी निष्ठेने रेखाटलेली असतात. यांपैकी कोणते उपकरण कोणत्या स्वराला लावावे, हा प्रश्न बहुधा रुचीच्या हवाली केला जातो. परंतु रुचीकडे जाण्यापूर्वी जुने दप्तर जरा चाळले, तर असे आढळते की यांतील प्रत्येक पेटी ही कोण्या एका विशिष्ट अडचणीवर काढलेली तोड होती, आणि ती अडचण ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या पेटीचे गुण आणि तिच्या मर्यादा यांचा खरा अंदाज येतो.

या दोन्ही यंत्रांचे कूळ संगीताच्या घराण्यात सापडत नाही. ते टेलिफोनच्या खांबांवर आणि नभोवाणीच्या प्रक्षेपकांजवळ शोधावे लागते. लांब पल्ल्याच्या तारेतून मनुष्याचा आवाज पाठविला असता त्यातील तार स्वर अधिक क्षीण होतात आणि खर्ज तेवढा टिकतो, त्यामुळे पलीकडे पोहोचणारे बोलणे गोधडीआडून आल्यासारखे अस्पष्ट भासते, हा अनुभव टेलिफोनच्या पहिल्या दशकांतच सर्वांस आला होता. ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज पंडिताने गणिताने दाखवून दिले की तारेचे प्रवर्तकत्व वाढविल्यास हा दोष कमी होईल, आणि १९०० च्या सुमारास अमेरिकेत मायकेल प्युपिन व जॉर्ज कॅम्बेल यांनी ठराविक अंतरावर तारेची वेटोळी बसविण्याची युक्ती व्यवहारात आणली. १९१५ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन शहरे टेलिफोनने जोडली गेली, तेव्हा या वेटोळ्यांच्या जोडीला व्हॉल्व्हचे प्रवर्धकही कामाला लागले होते. मात्र वेटोळ्यांची ही सोय बोलण्यापुरती होती. ठराविक मर्यादेपलीकडचे तार स्वर ती साफ अडवीत, आणि पुढे एका गावातील वाद्यवृंद दुसऱ्या गावाच्या नभोवाणी केंद्रावरून ऐकविण्याची वेळ आली, तेव्हा ही मर्यादा असह्य झाली. मग वेगळ्या तारा घेऊन त्यांच्या टोकाशी कॉइल, कपॅसिटर आणि रोधक यांची अशी जाळी बसविण्यात येऊ लागली, की तारेने तार स्वरांचे जितके नुकसान केले असेल तितकेच ती खर्जाचे व मध्याचे करी. सगळे स्वर असे एका पातळीवर आणून सोडले, की प्रवर्धक त्यांना सरसकट वर उचलून घेई. तारेचा जमाखर्च असा मिळविणारे हे जाळे म्हणजेच इक्वलायझर. आपण तिथे आहोत हे श्रोत्याला कळू नये, हीच त्याच्या कर्तबगारीची कसोटी होती.

या कसोटीला पहिला मोठा अपवाद २७ एप्रिल १९३३ रोजी घडला. त्या दिवशी बेल प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी फिलाडेल्फियाच्या सभागृहात वाजणारा वाद्यवृंद तीन स्वतंत्र तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात आणून ऐकविला. वाद्यवृंदाचे नेहमीचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या वेळी वादकांपुढे उभे नव्हते. ते वॉशिंग्टनला नियंत्रणाच्या मुठींपाशी बसले होते आणि आवाजाची पातळी व त्याचा पोत स्वतःच्या कानाच्या निर्णयाने बदलीत होते. अभियंत्यांनी तारेचे सर्व दोष परिश्रमपूर्वक पुसून काढले होते, परंतु ते पुसून झाल्यावर एका कलावंताने त्याच साधनांनी मूळ वाद्यवृंदात नसलेला उठाव निर्माण केला. दोषनिवारणाचे यंत्र स्वरनिर्मितीचे यंत्र होऊ शकते, हे त्या संध्याकाळी प्रत्ययास आले. त्याचे संपूर्ण मर्म उमगण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली.

कॉम्प्रेसरची कुळकथा याहून थोडी निराळी आहे. तारेचा दोष कायमचा असतो, म्हणून त्याचे निवारणही एकदाच ठरवून देता येते. पण बोलणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचा आवाज क्षणोक्षणी लहानमोठा होतो, आणि तो कोणत्या क्षणी उसळी घेईल याचा पूर्वी पत्ता लागत नाही. ७ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क-लंडन ही बिनतारी टेलिफोनसेवा सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईचे नभोवाणी केंद्रही बोलू लागले. या सर्व ठिकाणी अडचण एकच होती: आवाज फार लहान झाला तर तो वातावरणातील खरखरीत बुडतो, आणि फार मोठा झाला तर प्रक्षेपकाची शक्ती ओलांडून विद्रूप होतो, शिवाय शेजारच्या केंद्राच्या हद्दीतही घुसखोरी करतो. आरंभी हा बंदोबस्त मनुष्याच्या हाती होता. मापकाकडे डोळा ठेवून एक इसम अहोरात्र मूठ खालीवर करीत बसे, आणि गायकाची तान त्याच्या हातापेक्षा चपळ निघाली की त्याची त्रेधा उडे. अटलांटिकच्या मार्गावर १९३० नंतर पाठविताना आवाज आवळून पलीकडे तो पुन्हा मोकळा करणारी यंत्रणा बसविली गेली, आणि १९३७ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकने नभोवाणी केंद्रांसाठी आवाजाची कमाल मर्यादा आपोआप सांभाळणारा प्रवर्धक, म्हणजे लिमिटर, बाजारात आणला. त्याचे आकर्षण रसिकतेचे नव्हते, हिशेबाचे होते: शिखरे आवळल्यामुळे सरासरी पातळी ३ डेसिबलने जरी उचलता आली, तरी त्याचा लाभ प्रक्षेपकाची शक्ती दुप्पट केल्याइतका होता.

ध्वनिमुद्रिका कापणाऱ्या कारागिराची अडचणही याच जातीची होती. मेणाच्या किंवा लाखेच्या तबकडीत सुई जी खाच कोरते, ती खर्ज स्वरांना आडवी फार पसरते आणि शेजारच्या खाचेवर जाऊन आदळते. म्हणून कापताना खर्ज कमी करून तार स्वर वाढवावे आणि वाजविताना नेमके उलट करावे, अशी वहिवाट पडली. निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या प्रमाणांमुळे या कारभारात जो गोंधळ माजला होता, तो १९५४ साली अमेरिकन मुद्रिका उद्योगाच्या संघटनेने एक सर्वमान्य वक्र ठरवून मिटविला. त्या वक्रानुसार ५० हर्ट्झचा स्वर एक हजार हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल खाली ठेवून कोरला जातो. याचा अर्थ असा की व्हिनाइलची कोणतीही तबकडी वाजविणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, इक्वलायझर वापरीतच असतो. आकस्मिक शिखरांपासून सुईचे रक्षण करण्यासाठी फेअरचाइल्ड कंपनीने १९५९ च्या सुमारास ६७० हा दुहेरी लिमिटर काढला. त्याचा कर्ता राइन नार्मा हा मूळचा एस्टोनियाचा. त्या पेटीत २० व्हॉल्व्ह आणि १४ ट्रान्स्फॉर्मर होते, वजन सुमारे ३० किलो होते, आणि आवाज जितका चढेल तितकी व्हॉल्व्हची प्रवर्धनशक्ती स्वतःहून उतरावी, या तत्त्वावर तिचे कार्य चाले. त्यामुळे तिचा दाब अचानक बसत नाही, क्रमाने वाढत जातो. पुढे हीच पेटी तबकडीशी काहीही संबंध नसलेल्या संगीताला ‘जोडून घेण्यासाठी’ वापरली जाऊ लागली, ते याच क्रमशः वाढणाऱ्या दाबामुळे.

या काळातील आणखी तीन पेट्यांची हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण आजच्या निवडीचा बराचसा वाद त्यांच्याभोवतीच फिरतो. १९५१ साली न्यू जर्सीत यूजीन शेंक आणि ऑली समरलँड या दोघांनी पल्स टेक्निक्स या नावाने जो इक्वलायझर तयार केला, तो पुढे पल्टेक या संक्षिप्त नावाने ख्यातनाम झाला. त्यातील स्वर बदलणारे जाळे स्वतः काहीच वाढवीत नाही. ते सर्व स्वरांचा काही भाग आधी गमावते, मग हवा तो भाग कमी गमावते, आणि शेवटी व्हॉल्व्हचा प्रवर्धक झालेली तूट भरून काढतो. खर्ज वाढविण्याची व घटविण्याची मूठ निरनिराळी असून दोहोंचे वक्र तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे दोन्ही मुठी एकदम फिरविल्या असता, त्या एकमेकींना छेदून शून्य होण्याऐवजी, खोल खर्ज उंचावतो आणि त्याच्या लगतच वरचा गढूळ भाग खाली बसतो. असे करू नये, अशी सूचना त्याच्या माहितीपुस्तकात होती, पण वापरणाऱ्यांनी ती जुमानली नाही. यंत्राने घातलेल्या ढोलाच्या ठोक्याला भरीव करण्याची ही युक्ती आज नृत्यसंगीतात नित्याची झाली आहे.

दुसरी पेटी कॅलिफोर्नियातील जिम लॉरेन्स यांची एलए-२ए. टायटन क्षेपणास्त्राच्या कामात त्यांचा प्रकाशसंवेदकांशी परिचय झालेला होता, आणि तीच विद्या त्यांनी १९६० नंतर आवाजावर लावली: आवाज वाढला की एक पट्टी उजळते, तिच्या उजेडाने समोरच्या संवेदकाचा रोध बदलतो, आणि आवाज खाली येतो. उजेड गेल्यावर संवेदकाला मूळ रोधावर परतण्यास जो वेळ लागतो तोच या पेटीचा स्वभाव ठरला. तिची अर्धी पकड सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटते आणि उरलेली पुढच्या काही सेकंदांत, हळूहळू. कंठसंगीताला हा विलंब मानवतो. तिसरी पेटी बिल पुटनम यांची ११७६. व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरच्या जातीतील एक घटक वापरून १९६७ च्या सुमारास बनविलेले हे यंत्र २० मायक्रोसेकंद इतक्या त्वरेने झडप घालू शकते. म्हणजे ठोक्याचा पहिला कणही त्याच्या तावडीतून सुटत नाही. एकाचे वर्तन सौम्य आणि दुसऱ्याचे तडफदार, असे वर्णन सर्वत्र आढळते; परंतु त्यामागे कर्त्यांच्या रसिकतेपेक्षा उपलब्ध घटकांचा स्वभावच अधिक होता, हे विसरता कामा नये.

आता इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळावयाचे, तर १९५१ साली कोलोन येथील नभोवाणी संस्थेत ज्या कर्मशाळेचा निर्णय झाला तिथून प्रारंभ करावा लागतो. हर्बर्ट आइमर्ट यांच्या देखरेखीखाली त्या कर्मशाळेत जी सामग्री जमा झाली, ती वाद्यांच्या दुकानातून आलेली नव्हती. मोजमापाचे स्वरजनक, तारांच्या तपासणीसाठी केलेले फिल्टर आणि फितीची यंत्रे हीच तेथील सारी दौलत होती. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी १९५४ साली तेथे केलेल्या रचनेत ८१ कंपनसंख्या अशा क्रमाने योजल्या होत्या, की तसा क्रम कोणत्याही वाद्यावर आढळत नाही. अशा संगीताला निष्ठेने जतन करावयाचे मूळच नसते. वाद्यवृंदाच्या बाबतीत फिल्टर लावणारा मनुष्य, हा आवाज सभागृहातल्यासारखा येतो काय, असे विचारू शकतो. पांढऱ्या खरखरीतून एखादा पट्टा कापून काढणाऱ्यापुढे विचारण्यासारखे सभागृहच नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवीत एकेक उपस्वर जागा करतो, तेव्हा तो दोष काढीत नसून वाद्य घडवीत असतो. कोलोनच्या कर्मशाळेत फिल्टरला प्रथमच तो दर्जा मिळाला.

हाच दर्जा पुढे जमैकाच्या किंग्स्टन शहरात एका वीजतंत्र्याने, कोणत्याही संस्थेच्या आश्रयावाचून, मिळवून दिला. किंग टबी या नावाने प्रसिद्ध असलेल्या ऑस्बोर्न रडॉक यांच्या मिश्रणयंत्रात खर्ज कापणारा एक पायरीपायरीने फिरणारा फिल्टर होता. मुद्रणातील गुरगुर काढून टाकणे एवढेच त्याचे विहित काम. टबी ती मूठ गाणे चालू असतानाच फिरवीत, त्यामुळे ढोल व झांजा एकाएकी कागदासारख्या पातळ होत आणि पुढच्या क्षणी सगळा खर्ज पुन्हा कोसळे. १९७० नंतर या रीतीने घडलेल्या डब नावाच्या संगीताचे ऋण आजही कोणत्याही नृत्यगृहात ऐकू येते. गर्दीला ताटकळत ठेवण्यासाठी खर्ज काढून घेणे आणि नेमक्या मात्रेवर तो परत देणे, ही आता त्या व्यवसायाची सर्वसाधारण रीत आहे.

दरम्यान अभियंत्यांच्या बाजूनेही प्रगती होतच होती. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरचे तत्त्व विद्वत्परिषदेपुढे मांडले: कोणती कंपनसंख्या, किती प्रमाणात आणि किती रुंदीने बदलावयाची, या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. याच दशकात डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीने विजेच्या दाबाने अचूक नियंत्रित होणारा प्रवर्धक रूढ केला, आणि त्यामुळे कॉम्प्रेसर लहान, स्वस्त व भरवशाचा झाला. इंग्लंडच्या सॉलिड स्टेट लॉजिकने १९७९ च्या आपल्या ४०००ई मिश्रणयंत्रात प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र कॉम्प्रेसर देऊन टाकला. जी वस्तू पूर्वी संपूर्ण कर्मशाळेत दोन-चार नगांतच असे आणि म्हणून विचारपूर्वक वाटावी लागे, ती आता दर मुठीमागे एक झाली. निवडीचे शास्त्र जेथे टंचाईने शिकविले होते, तेथे सुबत्तेने सवय लावली.

याच सुमारास रोलंड कंपनीची तालयंत्रे आली, १९८० साली टीआर-८०८ आणि १९८३ साली टीआर-९०९, आणि त्यांच्याबरोबर एक असा प्रश्न आला की ज्याचा विचार कॉम्प्रेसरच्या जनकांनी केला नव्हता. मनुष्याचा हात लहानमोठा पडतो, म्हणून त्याला आवरणारे यंत्र बनले. परंतु तालयंत्राचा ठोका एकदा बेतून दिला की रात्रभर त्याच जोराने पडतो. ज्याची पातळी मुळी हलतच नाही, त्याला आवरावयाचे ते काय? या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून नुसत्या सवयीने प्रत्येक स्वराला कॉम्प्रेसर लावणारा मनुष्य ठोक्याचा जीव घेतो, आणि मग तो परत आणण्यासाठी दुसरे उपकरण शोधीत फिरतो. जाणत्यांनी मात्र ओळखले की येथे कॉम्प्रेसरचा विषय पातळी नसून काळ हा आहे. दाब ३० मिलिसेकंद उशिरा बसू दिला, तर ठोक्याचे टोक मोकळे राहून त्याचे अंग तेवढे आवळले जाते आणि तो अधिक टोकदार वाटतो. दाब तत्काळ बसविला, तर टोक बोथट होऊन शेपूट पुढे येते. कॉम्प्रेसर अशा रीतीने स्वराचा आकार कोरणारे हत्यार झाला.

याहूनही मोठे स्थित्यंतर एका जुन्याच सोयीतून झाले. निवेदक बोलू लागताच पार्श्वसंगीत आपोआप खाली जावे, म्हणून नभोवाणीत एका आवाजाच्या हुकमाने दुसरा आवाज दाबण्याची तजवीज केलेली होती. नृत्यसंगीतात निवेदकाच्या जागी ढोल आला. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दर ५०० मिलिसेकंदांनी ढोल पडतो. त्या प्रत्येक ठोक्यावर बाकीचे स्वर दबले आणि पुढचा ठोका येईपर्यंत पुन्हा वर आले, तर सगळे गाणे श्वासोच्छ्वास करू लागते. प्रक्षेपणाच्या शास्त्रात कॉम्प्रेसरचा हा धापा टाकणारा आवाज म्हणजे उघड नापसंतीचा दोष होता. पॅरिसच्या डाफ्ट पंक या जोडीने १९९० नंतरच्या दशकात तो दोषच गाण्याचा कणा केला, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेला अलेसिस ३६३० हा कॉम्प्रेसर कोणत्याही प्रतिष्ठित कर्मशाळेने तुच्छ लेखावा इतका स्वस्त होता. श्रेष्ठ यंत्र आणि योग्य यंत्र यांत किती अंतर असू शकते, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली मुंबईत टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ या तीन रोलंड यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून मुद्रित केले. एचएमव्हीने ती तबकडी काढली, तिचा फारसा खप झाला नाही, आणि २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या श्रोत्यांना तिच्यात शिकागोच्या ॲसिड हाउसची पूर्वखूण दिसली. मिश्रणाच्या दृष्टीने तिच्यातील बोध असा, की ताल, खर्ज आणि राग या तिघांना आरंभापासूनच स्वतंत्र मुलूख वाटून दिलेला आहे. जेथे रचनाच सरहद्दी आखून देते, तेथे इक्वलायझरला तंटा सोडविण्यासाठी फारसे बोलवावे लागत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १९९२ साली वेव्हज कंपनीने संगणकात चालणारा इक्वलायझर आणला, १९९४ साली पुढे येणारे शिखर आधीच पाहून त्याला अडविणारा लिमिटर आणला, आणि १९९६ साली स्टाइनबर्गच्या व्हीएसटी पद्धतीमुळे अशी साधने कोणालाही आपल्या गाण्याला जोडता येऊ लागली. आवाज आवळण्याचा खर्च जवळजवळ शून्य झाल्याबरोबर प्रत्येकाने आपले गाणे शेजाऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठे करण्याचा सपाटा लावला. या चढाओढीला पायबंद घालण्यासाठी २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत ठरविली, आणि पुढे गाणी पोहोचविणाऱ्या सेवांनीही ती सामान्यतः स्वीकारल्यामुळे अवाजवी आवळलेले गाणे आता फक्त सपाट ऐकू येते, मोठे नव्हे.

तेव्हा निवड कशी करावी? मला वाटते, प्रत्येक उपकरणाला त्याच्या जन्माची अडचण विचारावी आणि ती अडचण आपल्या गाण्यात आहे काय हे पाहावे. दोन स्वर एकाच पट्ट्यात भांडत असतील, तर अरुंद कापणारा, रंगहीन, संगणकाचा इक्वलायझरच योग्य. तेथे पल्टेकचा रुंद हात उपयोगाचा नाही. संगणकातून निघालेला खर्ज निर्जीव वाटत असेल, तर तारेच्या व व्हॉल्व्हच्या ज्या दोषांना जुने अभियंते कंटाळले होते, ते दोष विकत घेण्यात लाज नाही. गाणारा कंठ असेल तर प्रकाशसंवेदकाच्या संथ गतीने सुटणारी पकड घ्यावी. यंत्राचा ठोका असेल तर आधी काहीच न लावता ऐकावे. आणि कोणतेही उपकरण पसंत करण्यापूर्वी, ते लावलेला व न लावलेला आवाज समान पातळीवर आणून तुलना करावी. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो, आणि या एका भ्रमाने जितक्या चुकीच्या निवडी घडविल्या असतील तितक्या अज्ञानानेही घडविल्या नसतील. जुन्या अभियंत्यांजवळ यंत्रे थोडी होती, पण मापक होते आणि प्रत्येक यंत्र कशासाठी लावले याचे उत्तर होते. आजच्या विपुलतेत त्यांच्या पेट्यांच्या चित्रांपेक्षा त्यांची ही शिस्तच उचलण्याजोगी आहे.